उद्यमनगरात जीपची नाडी

रमजान ईद झाली आणि अम्मीने खारेपाटणला जाण्याचा विषय काढला. तिचे माहेर तिथले. अब्बांच्या इंतकालानंतर ती एकदाही गेली नव्हती. मी म्हणालो, एस.टी.ने जाऊ, नाहीतर भाड्याची गाडी करू. तिने मान हलवली. "तू दीड महिन्याचा होतास तेव्हा तुझ्या अब्बांनी आपल्याला याच जीपमधून घाट चढवून आणलं. जायचं तर जीपनेच."

अडचण अशी की जीप थरथरत होती. आमची ही जुनी शॉर्ट चेसिसची महिंद्रा फोर व्हील ड्राइव्ह. मूळचे पेट्रोल इंजिन काढून अब्बांनी तिला डिझेल बसवून घेतले होते. चाळीसपर्यंत सगळे ठीक असे. काटा पन्नासच्या पुढे सरकला की सीटखालून एक बारीक गुणगुण सुरू व्हायची, आणि पंचावन्नला आरसा असा हलायचा की मागची गाडी ट्रक आहे की रिक्षा, कळत नसे. आधी एका गॅरेजात चाकांचे बॅलन्सिंग झाले. मग दुसऱ्याने इंजिनचे माउंटिंग रबर बदलले. तिसऱ्याने क्लच प्लेट नवी टाकली. अकरा हजार रुपये गेले आणि थरथर होती तिथेच राहिली. धाकटा भाऊ म्हणाला, "भाईजान, आता द्या भंगारात. किती दिवस अब्बांच्या नावाने पैसे घालायचे?" त्याचेही चुकत नव्हते. अम्मी ऐकत होती, पण काही बोलली नाही. तिचे गप्प राहणे मला जास्त लागले.

शेवटी अब्बांच्या एका जुन्या दोस्ताने सांगितले, "उद्यमनगरात जा. वस्तादांना दाखव."

कोल्हापूरला पाहुणा आला की आपण त्याला रंकाळा दाखवतो, नवा राजवाडा दाखवतो, तांबडा-पांढरा खाऊ घालतो. शिवाजी उद्यमनगर दाखवायला कोणी नेत नाही. खरे तर हे शहर समजून घ्यायचे असेल तर एक दुपार तिथे काढावी. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड, आत लेथ आणि ड्रिल, बाहेर गंजलेल्या कास्टिंगचे ढीग. कुठे पिस्टन, कुठे पंपाचे भाग, कुठे उसाच्या चरकाचे रोलर. हवेत गरम तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास. शेतीपंपाची ऑइल इंजिने आणि गुऱ्हाळांची यंत्रे दुरुस्त करता करता इथले कारागीर ती स्वतःच बनवू लागले. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांची नावे इथे आजही आदराने घेतली जातात. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले इथल्या औद्योगिक वसाहतींत मोठ्या फौंड्री उभ्या राहिल्या, आणि देशभरातल्या मोटारींचे ओतीव भाग कोल्हापुरातून जाऊ लागले. पण एखादी जुनी गाडी घेऊन "हिला काय झालंय बघा" म्हणायचे असेल, तर लोक अजून उद्यमनगराचीच वाट धरतात.

अब्बांचाही या भागाशी जुना संबंध. खेड्यातून शिकायला आले तेव्हा ते दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगात राहिले. शाहू महाराजांनी १९०६ साली मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी उभ्या केलेल्या संस्थेचे हे वसतिगृह. सकाळी शाळा आणि सुट्टीत उद्यमनगरातल्या एका लेथवर हेल्परी, असे करत अब्बा घडले. त्यामुळे त्यांच्या जीपची नाडी तपासायला तिथेच जाणे एका अर्थी योग्यच होते.

कोल्हापुरात 'वस्ताद' हा शब्द तालमीत चालतो आणि गॅरेजातही. सत्तरी ओलांडलेले, खाकी हाफ शर्ट घातलेले वस्ताद एका स्टुलावर बसले होते. मी सलाम केला, अब्बांचे नाव सांगितले. त्यांनी जीपकडे पाहिले आणि म्हणाले, "ही गाडी वळखतो मी. बस. आधी चहा घे."

मला वाटले, आता बॉनेट उघडतील. पण त्यांनी पाना हातात घेतला नाही. प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"कवापासनं हलतीया?"

"चार-पाच महिने झाले, काका."

"हळूहळू वाढत गेली का एकदम सुरू झाली?"

मी आठवू लागलो. "एकदमच म्हणायला हवं."

"त्याच्या आदल्या आठवड्यात गाडीचं काय काम केलतंस?"

हा प्रश्न आधीच्या तिन्ही गॅरेजांत मला कोणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. काम केले होते. मागच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस वाजत होता, तो रस्त्यावरच्या एका गॅरेजात बदलून घेतला होता.

वस्ताद "हं" म्हणाले आणि पुढचे प्रश्न आले. थरथर स्टिअरिंगमध्ये जास्त जाणवते की सीटमध्ये? सीटमध्ये. ॲक्सिलरेटर सोडला की जाते की राहते? थोडी कमी होते, पण राहते. ब्रेक मारल्यावर वाढते? नाही. वळणावर फरक पडतो? नाही. गाडीत माणसे भरल्यावर? नीट पाहिलेले नाही. त्यांच्या हाताखालचा मुलगा खडूने हे सगळे पत्र्यावर लिहीत होता.

मग आम्ही निघालो. विद्यापीठावरून उजळाईवाडीकडे आणि तिथून हायवेने गोकुळ शिरगावच्या दिशेने. वस्ताद माझ्या शेजारी बसले होते, एक हात डॅशबोर्डवर आणि एक सीटच्या लोखंडी पट्टीवर. पंचावन्नला थरथर सुरू झाली. "टॉप काढ, तिसरा टाक. वेग तेवढाच ठेव." इंजिनाचा आवाज चढला, पण थरथर तशीच राहिली. "आता क्लच दाब, न्यूट्रल कर, गाडी वाहू दे." इंजिन खाली आले, गाडी आपल्या वेगाने धावत राहिली आणि थरथरही तिच्याबरोबर.

"झालं," ते म्हणाले. "इंजिन सुटलं. क्लच बी सुटला."

मला उलगडा झाला तो असा. बिघाड इंजिनात किंवा क्लचमध्ये असता तर इंजिनाचे फेरे बदलताच थरथरही बदलली असती. ती बदलली नाही. म्हणजे ती इंजिनाच्या नव्हे, गाडीच्या वेगाशी बांधलेली आहे. मग संशयित उरतात ते गिअरबॉक्सच्या पुढचे. म्हणजे ट्रान्स्फर केस, दोन प्रोपेलर शाफ्ट, डिफ्रन्शियल, ॲक्सल आणि चाके. हायवेवरच्या पाच मिनिटांनी माझे क्लच प्लेटचे आणि माउंटिंगचे पैसे वाया गेल्याचे सिद्ध केले.

परत येताना त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. चाकाची थरथर आणि शाफ्टची थरथर यांचा ताल वेगळा असतो. आमच्या जीपच्या क्राऊनला ४३ दात आणि पिनियनला ८, म्हणजे चाकाचा एक फेरा होईपर्यंत शाफ्टचे सव्वापाचहून जास्त फेरे होतात. घरी येऊन मी हिशेब केला. चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर. ताशी ५५ किलोमीटरला चाक सेकंदाला ७ वेळा फिरते आणि शाफ्ट ३७ वेळा. म्हणून टायर किंवा रिम वाकडी असेल तर धक्के सावकाश, जवळजवळ मोजता येतील असे लागतात. शाफ्टचा दोष असेल तर मुंग्या आल्यासारखी बारीक झिणझिण येते. आमची झिणझिण होती.

आता प्रश्न उरला तो पुढचा शाफ्ट की मागचा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या गाडीला एकच प्रोपेलर शाफ्ट असतो, अशा फोर व्हील ड्राइव्हला दोन. आमच्या जीपला पुढच्या चाकांवर फ्री-व्हील हब नाहीत, त्यामुळे फोर व्हील लावलेले नसले तरी पुढचा शाफ्ट चाकांबरोबर फिरतच राहतो. म्हणजे संशय दोघांवरही. पण दोन शाफ्ट असल्याचा एक फायदाही आहे, तो वस्तादांनी करून दाखवला. एक शाफ्ट उतरवून ठेवायचा आणि दुसऱ्यावर गाडी चालवून पाहायची.

शाफ्ट उतरवण्याआधी त्यांनी मुलाला ओरडून सांगितले, "आधी चाकांना ठोकळं लाव!" मी म्हणालो, "हँडब्रेक ओढलाय, काका." ते हसले. या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडाला, जिथून मागचा शाफ्ट निघतो, तिथे एक ड्रम असतो, त्याला तो पकडतो. ड्रम थांबला की शाफ्ट थांबतो, आणि शाफ्ट थांबला की चाके. मागचा शाफ्ट काढला की हँडब्रेक नुसता ड्रम धरून बसतो आणि गाडी उतारावर मोकळी.

हे ऐकून मला घाम फुटला. अम्मीला घेऊन मी घाट उतरायला निघालो होतो. बिघडलेला शाफ्ट घाटात तुटला असता तर मागच्या चाकांची ओढ गेली असती आणि त्याच क्षणी हँडब्रेकही गेला असता. तोवर थरथर म्हणजे फक्त त्रास, असे मी समजत होतो.

आधी पुढचा शाफ्ट उतरवला. पुन्हा हायवे. पंचावन्नला तीच झिणझिण. पुढचा सुटला. तो परत जोडून मागचा उतरवला. आता मागच्या चाकांना शक्ती जाणार नाही, म्हणून फोर व्हीलचा दांडा लावून फक्त पुढच्या चाकांवर गाडी चालवली. वस्तादांनी इथे बजावले की दोन्ही शाफ्ट जोडलेले असताना कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून गाडी कधी पळवायची नाही. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत, तो ताण शाफ्ट आणि गिअरांवर येतो. चिखलात, वाळूत चाक थोडे घसरून ताण सोडते, डांबरावर सोडत नाही. आता एकच शाफ्ट असल्यामुळे ती भीती नव्हती. चाळीस, पन्नास, पंचावन्न. आरशात मागच्या ट्रकचा नंबर स्वच्छ वाचता आला. अब्बा गेल्यानंतर पहिल्यांदा ती गाडी मला त्यांची गाडी वाटली.

चोर मागच्या शाफ्टमध्ये होता. पण नक्की कोणता? शाफ्टची नळी वाकलेली असू शकते. नळीला चिकटवलेले बॅलन्सचे वजन गळलेले असू शकते. क्रॉसच्या सुई बेअरिंगा गंजून त्यांचे खड्डे पडलेले असू शकतात. मागचे पाटे बदलून डिफ्रन्शियलचा कोन बिघडलेला असू शकतो. वस्तादांनी एकेक पाहिले. क्रॉस चारी बाजूंना हाताने वळवले, कुठे अडत नव्हते, कपाच्या तोंडाशी लाल गंजाची पूड नव्हती. पिनियनला हाताने हलवून पाहिले, ढिलाई नव्हती. पाट्यांचे यू-बोल्ट घट्ट होते. शाफ्ट लेथवर लावून सावकाश फिरवला, नळी सरळ निघाली. मग त्यांनी तो जमिनीवर ठेवला, एक डोळा मिटला आणि बंदुकीच्या नळीतून पाहावे तसे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहिले.

"हिकडं ये. बघ."

शाफ्टच्या दोन्ही टोकांना दोन बोटांसारखे योक असतात, त्यांत क्रॉस बसतो. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असायला हवेत. आमच्या शाफ्टचा एक योक दुसऱ्याच्या तुलनेत किंचित वळलेला होता. नुसत्या नजरेला पटकन दिसू नये इतका.

हे कसे झाले, तेही तिथेच कळले. मागचा ॲक्सल खड्ड्यात वरखाली होतो, तेव्हा शाफ्टला लांब-आखूड व्हावे लागते. म्हणून तो दोन भागांचा असतो आणि एक भाग दुसऱ्यात उभ्या खाचांवर सरकतो. क्रॉस बदलताना ज्याने हे भाग वेगळे केले, त्याने परत घालताना एक-दोन खाचा चुकवल्या. रॉकेलने ग्रीस आणि चिखल धुतला तेव्हा दोन्ही भागांवर ठोकलेले दोन बाण दिसले. बाणासमोर बाण यावा म्हणूनच कारखान्यात ते ठोकलेले असतात. आमचे बाण एकमेकांना चुकले होते.

एवढ्याशा फरकाने इतके का व्हावे? वस्तादांनी आपल्या मनगटांनी समजावले. शाफ्ट कोनात फिरतो तेव्हा क्रॉस त्याला एकसारखे फिरू देत नाही. एका फेऱ्यात दोनदा किंचित पुढे ओढतो, दोनदा किंचित मागे ठेवतो. पुढचा क्रॉस जेवढा पुढे ओढतो, तेवढेच मागचा क्रॉस मागे घेतो, आणि दोघांचे मिळून फिरणे सरळ होते. पण त्यासाठी दोघांचे योक एका रेषेत हवेत आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत. रेषा चुकली की एकाचा धक्का दुसरा पूर्ण फेडत नाही. शाफ्टच्या ३७ फेऱ्यांचे सेकंदाला ७४ हिसके आपल्या सीटखाली येतात. त्यात आमची शॉर्ट चेसिस, म्हणजे शाफ्ट आखूड आणि कोन तिरका. लांब गाडीत कदाचित खपले असते ते इथे खपले नाही.

दुरुस्तीला वीस मिनिटे लागली. बाणासमोर बाण आणून शाफ्ट घातला, बोल्ट आवळले, ग्रीस गनने निपलमधून ग्रीस भरले. नवा भाग एकही नाही. तेवढ्यात जोहरची वेळ झाली होती. मी नमाज अदा करून आलो, आणि आम्ही शेवटची फेरी मारली. पंचावन्न गेले, साठ गेले. झिणझिण नाही. पासष्टच्या पुढे मात्र एक मंद, सावकाश डुलणे जाणवले. माझा चेहरा पडला. वस्ताद शांतपणे म्हणाले, "ही ती न्हवं. ही मोजून बघ." खरेच, मोजता येत होते. परत आल्यावर त्यांनी चाक जॅकवर उचलून फिरवले आणि खडू स्थिर धरला. टायरवर एकाच जागी खडू घासला. तिथे फुगवटा होता. बॅलन्सिंगने वजन जुळते, फुगवटा जात नाही. "घाटाच्या आधी हा टायर काढ. स्टेपनी बरी हाय, ती लाव."

त्यांनी दिवसभराच्या मजुरीचे पैसे घेतले, जास्त नाही. मी क्लचचे, माउंटिंगचे पैसे वाया गेल्याची खंत बोलून दाखवली. ते म्हणाले, "भाग बदलणं सोपं असतंय. दुखणं कुठलं ते ठरवायला वेळ लागतोय, आन् वेळेचं पैसं कुणी देत न्हाई. मग पोरं भाग बदलत्यात."

पुढच्या रविवारी फजर पढून आम्ही निघालो. अम्मी पुढे, भाऊ मागे. फुलेवाडी, बालिंग्याचा भोगावतीवरचा पूल, कळे, साळवण, आसळज. ऊस मागे पडला, भाताची खाचरे आणि झाडी सुरू झाली. सुमारे ५५ किलोमीटरवर गगनबावडा. पावसाळ्यात इथे छत्री टिकत नाही, पण त्या दिवशी आभाळ मोकळे होते आणि गगनगडाचा कडा पूर्ण दिसत होता. तिथून एक रस्ता करूळ घाटाने वैभववाडीला उतरतो, दुसरा भुईबावडा घाटाने खारेपाटणकडे. आम्ही दुसरा धरला. एका वळणावर थांबलो. खाली कोकण धुक्यात होते. मी हँडब्रेक ओढला, आणि तो कशाला धरतो हे आता मला ठाऊक होते. तरी मागच्या चाकाला दगड लावलाच.

भावाला गप्पांत मी या जीपच्या कंपनीची गोष्ट सांगितली. १९४५ साली ती सुरू झाली तेव्हा तिचे नाव 'महिंद्र अँड महंमद' होते. महिंद्र बंधूंचे भागीदार होते मलिक गुलाम महंमद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. भाऊ बराच वेळ बॉनेटकडे पाहत होता. मग म्हणाला, "टायर दोन घेऊ या, भाईजान. एकाच बाजूला नवा नको." भंगाराचा विषय त्याने त्यानंतर काढला नाही.

खारेपाटणात शुक नदीच्या बाजूला मामूंचे घर. जीप अंगणात थांबली तेव्हा मामानी दारात आल्या आणि अम्मीला गळ्याला लावून दोघी रडल्या. मामू जीपभोवती एक फेरी मारून म्हणाले, "अजून चालते?" अम्मी डोळे पुसत म्हणाली, "मध्ये आजारी होती. आता बरी आहे."

परत आल्यावर मी वस्तादांचे प्रश्न एका कागदावर लिहून जीपच्या कप्प्यात ठेवले. कधीपासून, हळूहळू की एकदम, आधी कोणते काम झाले, कोणत्या वेगाला, स्टिअरिंगमध्ये की सीटमध्ये, न्यूट्रलला राहते की जाते. तुमच्या दारात जुनी गाडी असेल तर गॅरेजात जाण्याआधी घरच्या सगळ्यांनी बसून या प्रश्नांची उत्तरे लिहावीत. शाफ्ट कधी उतरवलाच तर त्याच्या दोन्ही भागांवर आधी रंगाची एक रेघ ओढून घ्यावी. आणि चाकांना ठोकळे लावल्याशिवाय कोणी गाडीखाली जाऊ नये.

टायर दोन्ही नवे घातले. आता सत्तरलाही आरसा हलत नाही. बकरी ईदनंतर अम्मीला पुन्हा जायचे आहे.